दुसऱ्याचा किनारा, आपली सुटी

माणसाच्या कामाचा अहवाल दरवर्षी लिहिला जातो. सुटीचा अहवाल कोणी लिहीत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींच्या अंगवळणी ही व्यवस्था इतकी पडली आहे की, नीतीचा संबंध कामाशी असतो, सुटीशी नसतो, असे आम्ही नकळत धरून चालतो. वस्तुतः गोष्ट उलटी असावी. कामाच्या जागी नियमावली असते, वरिष्ठ असतात, लेखापरीक्षक असतात. तेथे माणूस बरा वागला तर त्याचे श्रेय किती त्याचे आणि किती त्या बंदोबस्ताचे, हे ठरविणे कठीण. सुटीच्या जागी यांपैकी काहीच नसते. तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही, पुन्हा तेथे जाण्याचा प्रसंग बहुधा येत नाही, आणि 'आम्ही पैसे मोजले आहेत' एवढ्या एका वाक्यावर पुष्कळ काही खपून जाते. म्हणून माणसाचा स्वभाव पाहावयाचा असेल तर तो त्याच्या रजेत पाहावा, असे आम्हांला वाटते.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते गोल्फचे. सुटीत जाऊन खेळण्याजोगी समुद्रकाठची मैदाने कोणती, याच्या याद्या प्रवासविषयक पुस्तकांतून नेहमी दिलेल्या असतात. आमच्या वेतनश्रेणीच्या माणसाचा गोल्फशी संबंध बहुधा कुंपणाच्या बाहेरून येतो, आणि रजा प्रवास सवलतीची हद्द देशाच्या हद्दीपाशी संपते. तेव्हा स्कॉटलंडातील मैदानांविषयी आम्ही लिहावे, यात थोडा अधिकाराचा अतिक्रम आहे हे उघड आहे. परंतु त्या याद्या वाचताना आम्ही खेळापाशी अडलो नाही, एका शब्दापाशी अडलो. तो शब्द म्हणजे 'जोगे'. हा 'योग्य' याच शब्दाचा घरगुती अवतार. पाहण्याजोगे गाव, राहण्याजोगे हॉटेल, खेळण्याजोगे मैदान, असे आपण म्हणतो, त्या प्रत्येक वेळी जागेला परीक्षेस बसवितो आणि स्वतः परीक्षक होतो. जागा आपल्याजोगी आहे की नाही हे आपण बारकाईने तपासतो; आपण त्या जागेजोगे आहोत की नाही, हा प्रश्न यादीत नसतो. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

समुद्रकाठचे गोल्फचे मैदान म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. स्कॉटलंडात त्याला लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा उंचसखल पट्टा, असा त्या शब्दाचा अर्थ. हिमयुग संपल्यानंतर बर्फाचा भार उतरला, जमीन हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागे हटला आणि त्याने सोडलेल्या वाळूचे वाऱ्याने ढीग रचले. त्या ढिगांवर आधी लांब मुळांचे खरखरीत गवत आले. आतल्या, थोड्या निवाऱ्याच्या भागात बारीक, दाट, आखूड गवत आले. सशांनी आणि मेंढ्यांनी ते कुरतडून सारखे राखले. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जे खळगे केले, त्यांतूनच गोल्फमधले वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, निघाले, असे परंपरा सांगते. माणसाने आखण्यापूर्वीच मैदान निम्मेअधिक तयार होते.

या जमिनीचा मोठा गुण असा की ती निरुपयोगी होती. नांगर धरण्याइतकी माती तेथे नव्हती. पेरलेले उडून गेले असते. म्हणून तिच्यावर फारसा कोणी हक्क सांगितला नाही, आणि कोणी हक्क सांगितला नाही म्हणून ती सर्वांची राहिली. गावकरी तेथे गुरे चारीत, गवताची ढेपळे कापून नेत, कपडे वाळवीत, मासळीच्या बंदराकडे जाता-येता तीच वाट तुडवीत. आणि काम नसेल तेव्हा चेंडू मारीत. कोकणातल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. आपली पुळण अशीच असते. तिच्यावर भात होत नाही, म्हणून तिच्यावर जाळी सुकतात, होड्या ओढल्या जातात, मुले खेळतात. जगात पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक म्हणून जे काही उरले आहे, ते कोणाच्या औदार्यामुळे उरलेले नाही; त्यातून उत्पन्न निघत नव्हते म्हणून उरले आहे. ज्या दिवशी उत्पन्न निघू लागते, त्या दिवशी खरी परीक्षा सुरू होते.

ही परीक्षा कशी असते, हे सेंट अँड्र्यूज या लहानशा नगराच्या इतिहासात स्वच्छ दिसते. गोल्फच्या जगात त्या गावाच्या जुन्या मैदानाला आपल्याकडच्या क्षेत्राचे माहात्म्य आहे. १५५२ साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने एका सनदेवर सही केली. त्या सनदेने त्याला लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा मिळाली. पण त्याच सनदेत गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य करण्यात आला. पुढे १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन दुसऱ्यांच्या हाती दिली. नव्या धन्यांनी सशांचा व्यापार मांडला. सशांनी मैदान पोखरले. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या आणि अनेक वर्षे कज्जे चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने, जो स्वतः खेळणारा होता, लिंक्स विकत घेतले आणि खेळ वाचविला. १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ते पुन्हा नगराच्या मालकीचे झाले, आणि १९७४ पासून एक विश्वस्त संस्था कायद्यानुसार त्याची व्यवस्था पाहते. रॉयल अँड एन्शंट हा तेथील जगप्रसिद्ध क्लब १७५४ मध्ये स्थापन झाला. पहिल्या टी-मागे त्याची भव्य इमारत उभी आहे. परंतु समोरचे मैदान त्या क्लबाचे नाही. खिडकी क्लबाची, दृश्य गावाचे.

जुन्या मैदानाच्या पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांना छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हे त्याचे नाव. जगातला कोणीही मोठा खेळाडू काठी उचलून उभा असला, तरी रस्त्यावरून बाबागाडी घेऊन कोणी चालले असेल तर त्याने थांबावयाचे असते. आणि रविवारी हे मैदान खेळासाठी बंद असते. काही मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर रविवारी तेथे चेंडू पडत नाही. गावचे लोक कुत्री घेऊन, मुले घेऊन त्या हिरवळीवरून हिंडतात. टॉम मॉरिस या वृद्ध मैदानरक्षकाच्या नावावर एक समजूत सांगितली जाते, की खेळणाऱ्याला विश्रांतीची गरज वाटत नसली तरी मैदानाला ती असते. त्याने हे कोणत्या शब्दांत म्हटले असेल ते असो. व्यवस्था मात्र त्या अर्थाचीच आहे. आठवड्याचा जो दिवस विकून सर्वांत अधिक पैसा मिळाला असता, तोच दिवस विक्रीतून काढून घेतलेला आहे.

आमच्या मते या मैदानाचे खरे वैभव त्याच्या एकशेबारा बंकरांत नाही, दोन दोन होलना मिळून असलेल्या विस्तीर्ण हिरवळींत नाही, की स्विल्कन ओढ्यावरच्या त्या छोट्या दगडी पुलावरही नाही. ते या थांबण्यात आहे. आपण उपभोग घेत आहोत ती वस्तू आपली नाही, याची आठवण खेळणाऱ्याला दर फेरीत करून देणारी व्यवस्था तेथे आहे. ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रात त्यागपूर्वक भोगाचा जो विचार आला आहे, त्यावर आपल्याकडे मोठमोठी भाष्ये झाली. परंतु त्याचा व्यवहारातला नमुना कोणी विचारला, तर रविवारच्या त्या मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवावे, असा मोह होतो. भोग वर्ज्य नाही; भोगाला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ज्याने पैसे दिले त्यालाही लागू आहे.

या खेळाचे नियमही याच वळणाचे आहेत. चेंडू जेथे पडला असेल तेथून, जसा पडला असेल तसा मारावा. जमीन आपल्या सोयीची करून घेऊ नये. काठीने उडालेले ढेपळ पुन्हा जागी बसवावे, वाळूत उमटलेली पावले पुसून बाहेर पडावे. आणि साध्या खेळात पंच नसतो. आपली चूक आपणच सांगून आपल्याच नावावर दंड लिहावयाचा असतो. आपल्याकडे कोणत्याही कार्यालयात हा नियम लागू केला तर किती फायली हलतील, याची कल्पना वाचकांनीच करावी!

हे नियम माणसाला एका दिवसात सुसंस्कृत करतात असे मात्र नाही. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला पहिल्यांदा खुल्या स्पर्धेसाठी आला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलपाशी त्याचा चेंडू बंकरात अडकला. काही केल्या तो बाहेर निघेना, तेव्हा त्याने वैतागून ती फेरी सोडून दिली. मैदान आपल्याजोगे नाही, असा निकाल त्याने तेथल्या तेथे दिला. पण तो परत आला. १९२७ मध्ये त्याने त्याच मैदानावर खुली स्पर्धा जिंकली, १९३० मध्ये तेथेच ब्रिटिश हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. १९३६ मध्ये तो सहज एक फेरी खेळावयास आला तर बातमी पसरून हजारो माणसे गोळा झाली. १९५८ मध्ये नगराने त्याला आपले मानद नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँक्लिननंतर हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. नऊ वर्षांत मैदान बदलले नव्हते. बंकर तेथेच होता. बदलला होता तो खेळणारा. एखादी जागा आपल्याजोगी होणे आणि आपण त्या जागेजोगे होणे यांत किती अंतर आहे, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण आमच्या आढळात नाही.

येथे कोणी हटकेल, आणि हटकलेच पाहिजे. ज्या मैदानावर परक्या माणसाला एका फेरीसाठी आज तीनशे पौंडांहून अधिक शुल्क भरावे लागते, त्याला सर्वांचे मैदान म्हणणे ही शुद्ध काव्यमय फसवणूक नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. गावच्या रहिवाशाला वर्षाचा परवाना त्या मानाने पुष्कळ स्वस्तात मिळतो. आणि परक्यांसाठी राखलेल्या वेळांपैकी बऱ्याचशा वेळा दोन दिवस आधी चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. चिठ्ठीला पैशाचे वजन कळत नाही. शुल्क भरण्याची ऐपत असलेल्यांतच ही समता आहे, हे खरे. तरी अधिक पैसे फेकून रांग मोडण्याची सोय प्रत्येक वेळेपुरती तेथे नाही, एवढेही काही थोडे नव्हे. याच्या शेजारी कॅलिफोर्नियातले पेबल बीच ठेवून पाहावे. १९१९ मध्ये खुले झालेले हे मैदान सौंदर्यात अद्वितीय मानले जाते. कड्यांच्या टोकावरून पॅसिफिकच्या लाटांवर चेंडू मारावयाचा. कायद्याने तेही सर्वांना खुले आहे. परंतु एका फेरीला सहाशे डॉलरांहून अधिक पडतात, कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना आधी वेळ मिळते, आणि तेथवर नेणाऱ्या रस्त्यावर मोटारवाल्याला फाटकावर पैसे भरावे लागतात. दोन्ही जागी दार उघडेच आहे. पण एका दारावर गावाचे नाव आहे, दुसऱ्यावर दर आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. जे सर्वांचे म्हणून मिरविले जाते, त्यातल्या 'सर्वांत' कोण कोण येतात? सेंट अँड्र्यूजच्या त्या विख्यात क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय घेतला तो २०१४ साली, म्हणजे स्थापनेनंतर दोनशे साठ वर्षांनी. एडिंबरोजवळच्या म्युअरफील्डच्या मैदानाचा जो क्लब आहे, त्याच्या सभासदांनी १७४४ मध्ये या खेळाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम केले. त्या क्लबात २०१६ साली स्त्रियांना प्रवेश देण्याचा ठराव पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला. तेव्हा म्युअरफील्डला खुल्या स्पर्धेच्या मैदानांच्या यादीतून वगळण्यात आले, आणि पुढल्याच वर्षी तोच ठराव संमत झाला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर स्त्रियांची खुली स्पर्धा भरली. खुद्द टॉम मॉरिसच्या काळी धंदेवाईक खेळाडूला संभावितांच्या क्लबात सभासद म्हणून स्थान नसे. ज्या हातांनी हिरवळ राखली ते हात दाराबाहेर. वाळू सर्वांची असली तरी छप्पर सर्वांचे नव्हते. आपल्याकडे गावची विहीर सार्वजनिक असूनही पाणी सर्वांना मिळत नसे, याची आठवण ज्या समाजाला ठेवावी लागते, त्याने या बाबतीत दुसऱ्याला हसू नये. पण दुसऱ्याच्या गौरवाने भुलूनही जाऊ नये. परंपरा जुनी आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. सामायिक मालकी ही नीतीची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

आतापर्यंत आम्ही माणसामाणसांतल्या न्यायाविषयी बोललो. जमिनीच्या बाजूनेही एक प्रश्न आहे. अबर्डीनच्या उत्तरेस मेनी येथे वाळूच्या टेकड्यांचा एक दुर्मीळ पट्टा होता. दुर्मीळ अशासाठी, की तेथली वाळू स्थिर नव्हती. वाऱ्याबरोबर टेकड्या हळूहळू सरकत असत, आणि त्या सरकण्याचा अभ्यास करता यावा म्हणून त्या भागाला कायद्याचे संरक्षण होते. अमेरिकेतील धनिक डोनाल्ड ट्रम्प यांनी, राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पुष्कळ आधी, तेथे गोल्फचे मैदान बांधण्याची परवानगी मागितली. २००७ मध्ये स्थानिक समितीने ती नाकारली. २००८ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने प्रकरण आपल्याकडे घेऊन, रोजगार आणि उत्पन्न यांच्या आशेने, ती दिली. २०१२ मध्ये मैदान खुले झाले. खेळणारे त्याची वाखाणणी करतात, आणि ती खोटी असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु सरकत्या वाळूवर हिरवळ टिकत नाही, म्हणून वाळू सरकू नये अशी व्यवस्था करावी लागली. आणि २०२० मध्ये त्या भागाचे विशेष संरक्षण काढून घेण्यात आले, कारण ज्या गुणासाठी ते दिले होते तो गुणच पुष्कळसा उरला नव्हता. ही घटना आम्हांला फार बोलकी वाटते. जागा आपल्याजोगी करण्याच्या नादात ती जागाच संपते, आणि शेवटी कागदोपत्री नोंद होते ती एवढीच, की आता येथे राखण्यासारखे काही नाही.

आपल्या देशाच्या किनाऱ्यावर तर हा धोका अधिक आहे. स्कॉटलंडातले बारीक गवत तेथल्या थंड, ओलसर हवेत फारशा लाडाशिवाय जगते. आपल्याकडे चार महिने मुसळधार पाऊस आणि पुढे सात-आठ महिने कोरडे ऊन. तेथे बारमाही हिरवळ राखावयाची तर पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीतून येणार. शिवाय आपली वाळू रिकामी नाही. विशाखापट्टणम, पारादीप, कोची, मंगळूर, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणी आपल्यापैकी अनेकांच्या बदल्या होतात. सकाळी फिरावयास गेले की जो रम्य किनारा आपल्या दृष्टीस पडतो, तो कोणाचे तरी कामाचे ठिकाण असतो. आपल्याला जे दृश्य, ते मच्छीमाराचे कार्यालय. तेथे जाळी पसरण्यास जागा लागते, होडी ओढण्यास उतार लागतो, मासळी वाळविण्यास ऊन लागते. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय करावे आणि काय करू नये याचे नियम घातले. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढण्यात आली. अधिसूचना वाचणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे, आणि तिच्यात काय लिहिले आहे याच्याइतकेच ती कोणाच्या तोंडाकडे पाहून लिहिली आहे, हेही व्यवसायानेच आम्हांला वाचता येऊ लागले आहे. प्रत्येक वेळी एकच प्रश्न पुन्हा उभा राहतो: किनाऱ्याचा पहिला धनी कोण, त्यावर जगणारा की त्यावर सुटीला येणारा?

हा प्रश्न बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना अधिक जवळचा वाटला पाहिजे. आपण सगळे जन्माचे पाहुणे आहोत. सरकारी निवासस्थानात भिंतीला खिळा ठोकतानाही ही भिंत आपली नाही याची जाणीव असते. अंगणात लावलेल्या आंब्याला मोहोर येतो तेव्हा तेथे दुसरे कोणी राहावयास आलेले असते. ज्या गावात तीन-चार वर्षे काढतो, त्या गावची भाषा अर्धवट येते, सण अर्धवट कळतात, आणि मग आदेश येतो. अशा जगण्याचे दोन परिणाम होऊ शकतात. एक असा, की जे आपले नाही त्याची आपल्याला काय पर्वा, असे मन घट्ट होते. माणूस गाव वापरतो आणि निघून जातो. दुसरा असा, की मालकीवाचून प्रेम करण्याची कला साधते. माणूस गावाचे घेतो आणि निघताना ते होते तसे, जमल्यास थोडे बरे करून, ठेवून जातो. नोकरी दोघांचीही सारखीच होते, निवृत्तिवेतनही सारखेच मिळते. परंतु लिंक्सवरचा जो नियम आम्ही वर सांगितला, वाळूतली आपली पावले पुसून बाहेर पडण्याचा, तो पाळणारा माणूस दुसऱ्या प्रकारचा असतो. मागून येणाऱ्याला आपला चेहरा दिसणार नाही, आपले नावही कळणार नाही. त्याला फक्त सारखी केलेली वाळू मिळेल. निनावी सदाचाराचे याहून स्वच्छ रूप आम्हांला दुसरे सुचत नाही.

तेव्हा कोणी आम्हांला विचारलेच, की सुटीत जाऊन खेळण्याजोगे समुद्रकाठचे मैदान कोणते, तर उत्तरादाखल आम्ही तीन प्रश्न सुचवू. पहिला: न खेळणारा माणूस त्यातून चालत समुद्रापर्यंत जाऊ शकतो काय? स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने हा हक्क मान्य केला आहे. खेळात अडथळा न आणता आणि ग्रीनवर पाय न ठेवता मैदान ओलांडण्याची सर्वांना मुभा आहे. दुसरा: त्या जमिनीवर खेळाखेरीज दुसऱ्या कोणाचा हक्क जिवंत आहे काय? उत्तरेकडच्या ब्रोरा येथे आजही मेंढ्या आणि गुरे मैदानातच चरतात, आणि ती ग्रीनवर येऊ नयेत म्हणून ग्रीनभोवती तेवढे तारेचे कुंपण घातलेले असते. कुंपणात गुरे नाहीत, खेळ आहे. साउथ यूइस्ट बेटावरचे आस्कर्निश हे टॉम मॉरिसने १८९१ मध्ये आखलेले मैदान पुढे विस्मरणात गेले होते. २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले, आणि तेथल्या कुळांची जनावरे हिवाळ्यात त्यावर चरतात. तिसरा: उद्या खेळ बंद झाला तर ती जमीन पुन्हा पूर्वीसारखी होऊ शकेल काय? या तीन प्रश्नांना जेथे होकार मिळतो, तेथे खेळावे. न परवडल्यास नुसते चालावे. जेथे मिळत नाही, तेथे समुद्र कितीही निळा असो, आपण कोणाच्या तरी वाट्याचे घेत आहोत हे समजावे.

आणि शेवटी हेही ध्यानात ठेवावे की या वादात एक पक्ष असा आहे, जो कोणत्याही सनदेवर सही करीत नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर माँट्रोझ येथे जगातल्या अतिप्राचीन मैदानांपैकी एक आहे. समुद्र वर्षानुवर्षे त्याचा काठ खात आला आहे आणि खेळाची जागा आत सरकविण्याची पाळी आली आहे. ज्या समुद्राने मागे हटून ही वाळू माणसाला उसनी दिली, तो ती परत मागू लागला आहे. त्याच्या लेखी आर्चबिशप, नगरपालिका, क्लब, धनिक आणि आम्ही कारकून, सगळे एकाच श्रेणीचे आहोत: काही काळाचे पाहुणे. पाहुण्याने जागेची प्रतवारी करू नये असे नाही. ती तो करणारच. परंतु यजमानानेही आपली केली असेल, एवढे मनात ठेवून पाहुण्याने वागले, की सुटीचा अहवाल कोणी लिहिला नाही तरी चालतो.